किल्ली मागून घे

प्रिय बाळ,

परवा बेळगावच्या स्टँडवर भेटलीस, "अक्का, उन्हाळी लागलीया, गोळी सांग" एवढंच म्हणालीस आणि खानापूरची गाडी लागली म्हणून पळालीस. भर श्रावणात उन्हाळी, म्हणजे लघवीची जळजळ! गाडी सुटल्यावर आधी मला हसू आलं. मग ध्यानात आलं, शेजारी चार बाप्ये उभे होते, म्हणून तुला धड बोलताही आलं नाही. त्यासाठी हे पत्र.

गोळीचं नाव विचारलंस. ते मी सांगणार नाही. पस्तीस वर्षं नर्स म्हणून काढली तरी नाही.

आधी मला सांग, जळजळतंय कुठं? लघवी होताना आतून, की लघवी बाहेरच्या कातडीला लागल्यावर? हा फरक कुणी विचारत नाही आणि सगळा घोळ तिथंच होतो. बाहेरची आग असेल, खाज असेल, पांढरं जात असेल, तर दुखणं बहुतेक वेळा मूत्राशयाचं नसतं, कातडीचं किंवा योनीतल्या बुरशीचं असतं. आपल्या खानापूरकडं आषाढ-श्रावणात आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत, मुली दमट चड्ड्या तशाच घालतात. चुलीजवळ वाळव, इस्त्री फिरव, पण कोरडी घाल, सुती घाल. आणि ते सुवासिक साबण, जाहिरातीतली ती बाटली, काही वापरू नकोस. योनीत आंबटपणा राखणारे चांगले जंतू असतात, ती आपली सफाई आपण करते. बाहेरून साधं पाणी पुरे. धुताना हात पुढून मागे न्यायचा. पाळीत पॅड चार-सहा तासांनी बदलायचं, दुकानात गर्दी असली तरी.

आतून जळजळत असेल तर मात्र तुझा दिवस बघायला हवा. सकाळी सातची गाडी. गाडीत लागेल म्हणून घरी फक्त कपभर चहा. खडेबाजारातल्या दुकानात दिवसभर साड्या उलगडायच्या आणि घड्या घालायच्या. तिथल्या संडासाची किल्ली मॅनेजरच्या खिशात, ती मागायची लाज. म्हणून पाणीच प्यायचं नाही. बरोबर ना? मला कुणी सांगितलं नाही, तुझ्यासारख्या शंभर मुली बघितल्यात.

पाणी कमी पडलं की लघवी दाट होते, हळदीसारखी पिवळी, आणि जाताना चरचरते. उन्हाळी म्हणतात ती बऱ्याचदा एवढीच. आता होतं काय, की बेळगावच्या थंड हवेत, पावसात तहानच लागत नाही, म्हणून ती श्रावणातसुद्धा लागते. माझी आजी पायाच्या अंगठ्याला चुना लावायची आणि वर तांब्याभर जिऱ्याचं पाणी पाजायची. गुण चुन्याला मिळायचा, काम तांब्या करायचा.

पण तुंबवून धरण्याचा दुसराही तोटा आहे. बाईची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटीमीटर, पुरुषाची वीसच्या आसपास. शौचाच्या वाटेवरचे जंतू, त्यातही ई. कोलाय नावाचा, ही चार सेंटीमीटर सहज चढून जातात. वेळच्या वेळी लघवी झाली तर धुऊन निघतात, तासन् तास साठवलीस तर आत वाढतात. मग सारखी लागल्यासारखी वाटते, गेलं की दोन थेंब, ओटीपोटात दुखतं, लघवी गढूळ होते, वास मारते. हे उन्हाळीच्या पुढचं, जंतुसंसर्गाचं लक्षण. ह्याला जिरं-धनं पुरत नाही. मलबद्धता असेल तर ती आणखी भर घालते, हेही कुणी सांगत नाही.

नुसती जळजळ असेल तर एक-दोन दिवस घरी बघायला हरकत नाही. दिवसाला दोन-अडीच लिटर पोटात जाऊ दे, पाणी, ताक, नाचणीची आंबील, मिळालं तर शहाळं. एकदम तांब्या रिचवू नकोस, थोडं थोडं. लघवीचा रंग फिकट झाला की समज पुरेसं होतंय. (बी-कॉम्प्लेक्स घेत असशील तर लघवी गर्द पिवळी होतेच, तेवढ्यानं घाबरू नकोस.) चहा आणि झणझणीत तिखट चार दिवस आवर. मेडिकलमधून लघवीचं म्हणून जे सिरप देतात, त्यानं आग शमते पण जंतू मरत नाहीत. काही अँटिबायोटिकचा जोर तर त्यानं कमी होतो. म्हणून डॉक्टरांना सांगितल्याशिवाय तेही नको.

गोळी का सांगत नाही, ते आता ऐक. ट्रेनिंग संपून वर्षही झालं नव्हतं. रात्रपाळीत बारा बारा तास लघवीला जायची नाही मी, वॉर्ड सोडून कोण जाणार? जळजळ सुरू झाली. वहिनीच्या कपाटात उरलेल्या चार गोळ्या होत्या, त्यातल्या दोन घेतल्या, बरं वाटलं, बाकीच्या ठेवून दिल्या. आठव्या दिवशी हुडहुडी भरून ताप, कमरेच्या वर उजव्या बाजूला कळ, उलट्या. जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचले होते. सहा दिवस त्याच वॉर्डात, ह्या वेळी खाटेवर. दुसऱ्यांना डोस पुरा करा म्हणून सांगणारी मीच!

तेव्हा ताप, थंडी, कुशीत दुखणं, उलटी, लघवीत रक्त, किंवा लघवीच न होणं, ह्यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. घरच्या उपायांत दोन दिवस घालवायचे नाहीत. गरोदर बाई, लहान मूल, साखरेचा पेशंट आणि कुठलाही पुरुष ह्यांनी तर साध्या जळजळीलाही थांबू नये. तुझ्या बाबांना सांग, त्यांना रात्री चार-चारदा लघवीला उठावं लागतं असं मागं म्हणालीस ना, त्यांची साखर आणि प्रोस्टेट बघून घ्यायला हवं.

लघवी तपासायला देताना पहिली धार सोडायची, मधली बाटलीत घ्यायची. कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी, सांगितलं असेल तर अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी द्यायची, आणि दोन तासांच्या आत लॅबला पोचवायची. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात.

दिवाळीनंतर तुझं लग्न आहे, म्हणून हेही लिहिते, आई सांगणार नाही. लग्नानंतर पहिल्या काही आठवड्यांत पुष्कळ मुलींना हा त्रास होतो. त्यात पाप नाही, आजार लागला असंही नाही, ती चार सेंटीमीटरचीच गोष्ट आहे. संबंधानंतर उठून लघवीला जाऊन यायचं. वारंवार होत असेल तर डॉक्टरांना तसं सांगायचं, "तेव्हापासून होतंय" म्हणून.

सरकारी दवाखान्यात सिस्टर कन्नड बोलणारी असली की तू गप्प बसतेस, मला माहीत आहे. 'उन्हाळी' तिला कळणार नाही, पोटात उष्णता म्हणून आम्लपित्ताची गोळी देऊन मोकळी होईल. "ओंदक्क होदाग उरीतैति" म्हण. लघवीला गेलं की जळजळतंय. उरीमूत्र एवढं म्हटलंस तरी चालेल. पाठ कर.

आणि त्या किल्लीचं. सकाळी दुकान उघडल्यावर एकदा, जेवायच्या आधी एकदा, चार वाजता एकदा, निघताना एकदा. मॅनेजरकडं मागायची लाज वाटत असेल तर मालकिणीला सांग, किल्ली काउंटरमागं खिळ्याला लावायला. तुझ्याबरोबरच्या दोघींनाही घेऊन जा, तिघींनी मिळून मागितलेलं नाकारता येत नाही. काय म्हणाली ते कळव. नाहीच म्हणाली तर दसऱ्याची साडी घ्यायला मी तुझ्याच दुकानात येणार आहे, अर्ध्या साड्या उलगडायला लावीन आणि मग सगळ्या गिऱ्हाइकांसमोर विचारीन, "बाई, इथं संडासाची किल्ली कुणाकडं असते?"

तुझी,
अक्का