आयकार्ड मोबाइलवर न्यायचं का?

प्रश्न : आमचं तालुक्याच्या गावातलं कॉलेज. अकरावीपासून एम.कॉम.पर्यंत वर्ग, निम्म्याहून जास्त मुलं एसटीने येणारी. एका कंपनीने मोबाइल आयकार्डाचं अ‍ॅप ‘मोफत’ देऊ केलं आहे. प्राचार्यांना कल्पना फार आवडली आहे, ओएस (कार्यालय अधीक्षक) नाराज आहेत आणि अहवाल लिहिणं माझ्या गळ्यात पडलं आहे. कंपनीचा माणूस म्हणतो, अमेरिकेत हे कधीच झालं. मॅडम, आम्ही प्लास्टिकचं कार्ड बंद करावं का?
– एक सहायक प्राध्यापक, सांगली जिल्हा

उत्तर : सर, प्लास्टिकचं बंद करू नका. मोबाइलवरचं मात्र जोडीला जरूर आणा. मी ग्रंथपाल होते, आणि बारकोडमुळे आयकार्डांचं काम आमच्याकडे ग्रंथालयाच्याच माथी मारलेलं होतं. फोटोत डोळे मिटलेत म्हणून कार्ड बदलून मागणारे आणि मित्राच्या कार्डावर पुस्तक उचलणारे, दोन्ही नमुने काउंटरवर भरपूर पाहिले आहेत.

अमेरिकेचं आधी उरकते. 2018 च्या ऑक्टोबरात ड्यूक, अलाबामा आणि ओक्लाहोमा या तीन विद्यापीठांत अ‍ॅपलच्या वॉलेटमध्ये, म्हणजे फोनमधल्या डिजिटल पाकिटात, विद्यार्थ्यांची कार्डं आली, पुढे इतरही त्या वाटेने गेली. पण तिथे कार्ड म्हणजे वसतिगृहाच्या दाराची किल्ली आणि जेवणाचे पैसे भरायचं पाकीट. दारावर आणि गल्ल्यावर रीडर, म्हणजे कार्ड वाचणारं यंत्र, बसवलेला असतो. फोन जवळ नेला की काम झालं, कुणा माणसाला काही दाखवायचं नसतं. नव्या आयफोनांत तर बॅटरी संपल्यावरही पाच तासांपर्यंत कार्ड चालावं अशी सोय आहे. आपलं आयकार्ड दार उघडत नाही आणि कँटीनमध्ये वडापावही देत नाही. ते माणसाने माणसाला दाखवायचं असतं. म्हणून रीडर न बसवता नुसतं अ‍ॅप आणलं, तर तिथली सोय येत नाही, फक्त त्रास येतो.

तेव्हा आधी आयकार्ड जिथे जिथे दाखवलं जातं, तिथे जाऊन उभे राहा. सकाळची एसटी आली की मुलांचा लोंढाच्या लोंढा गेटमधून आत येतो. गळ्यातलं कार्ड शिपाईमामांना चालता चालता दिसतं. तिथे प्रत्येकाने फोन काढायचा, लॉक उघडायचं, अ‍ॅप शोधायचं म्हटलं, तर पहिला तास गेटवरच संपेल. शिवाय ‘बघू जरा’ म्हणत फोन मामांच्या हातात जाणार. एखाद्या मुलीचा उघडा फोन, वर येणाऱ्या मेसेजांसकट, गेटवरच्या माणसाच्या हातात का जावा? आणि आपले शिस्तप्रिय सर गैरवर्तन दिसलं की पहिली गोष्ट करतात ती आयकार्ड जप्त करण्याची. उद्या ते काय जप्त करणार?

सगळ्यात मोठी अडचण परीक्षेची. सुपरव्हिजन तुम्हीही करता. हॉलतिकीट आणि आयकार्ड बाकावर ठेवायला आपण सांगतो, आणि मोबाइल वर्गाबाहेर बॅगेत. जिथे ओळख पटवणं सर्वात गरजेचं, नेमकं तिथे फोनला बंदी. एवढा एक मुद्दा अहवालात ठळक लिहिलात तरी प्लास्टिक बंद करण्याची चर्चा थांबेल. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत आणि युवा महोत्सवातही शिक्का-सही असलेलंच कार्ड मागतात, ते वेगळंच. रेल्वेत आरक्षित तिकिटासोबत ओळखीचा पुरावा म्हणून मान्यताप्राप्त कॉलेजचं फोटो असलेलं आयकार्ड चालतं. खासगी अ‍ॅपमधलं चित्र टीसीने का मानावं? आणि घरात एकच फोन, तोही वडिलांबरोबर रानात, अशी मुलं तुमच्याच वर्गात निघतील. हात वर करायला लावू नका. हजेरी घेताना हळूच विचारा.

मग मोबाइल कार्ड हवंच कशाला? कारण प्रवेश जून-जुलैत सुरू होतात आणि छापील कार्डं हातात पडेपर्यंत कितीतरी ठिकाणी दिवाळी तोंडावर येते. अकरावीच्या फेऱ्या लांबतात, फोटो राहतात, छपाईवाला सगळी यादी एकदम मागतो. तोवर मुलं फीची पावती दाखवत फिरतात आणि पावतीवर फोटो नसतो. प्रवेश पक्का झाल्याच्या दिवशीच मोबाइलवर तात्पुरतं कार्ड मिळालं, तर ही रखडपट्टी वाचेल. दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. कॉलेज सोडून गेलेल्या मुलाच्या खिशात जुनं कार्ड राहतंच. मोबाइलवरचं ऑफिसातून एका क्लिकमध्ये रद्द होतं. पण त्यासाठी क्यूआर कोड दर थोड्या वेळाने बदलणारा हवा आणि तपासणाऱ्याने तो स्कॅन करायला हवा. नुसतं चित्र असेल तर त्याचा स्क्रीनशॉट संध्याकाळपर्यंत अख्ख्या बॅचकडे पोचेल. ग्रंथालयात हे उत्तम जमेल, तिथे स्कॅनर आहेच. फक्त बरेच जुने लेझर स्कॅनर क्यूआर वाचत नाहीत आणि पडद्यावरचा बारकोडही नीट उचलत नाहीत. तुमच्या ग्रंथपालांकडचा कोणता आहे ते बघा, नाहीतर तो खर्च मागाहून निघतो.

आधारचंच घ्या. आधी टपालाने कागदी पत्र आलं, 2017 मध्ये एमआधार अ‍ॅप आलं, आणि त्यानंतर 2020 मध्ये आधार देणाऱ्या त्याच प्राधिकरणाने 50 रुपयांत खिशात मावणारं पीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचं, कार्ड काढलं. अ‍ॅप असूनही लोकांनी ते मागवलं.

आता ‘मोफत’बद्दल. मुलांची नावं, फोटो, जन्मतारखा, पत्ते, मोबाइल नंबर हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवर जाणार. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, नोव्हेंबर 2025 मध्ये त्याचे नियमही आले, अंमल टप्प्याटप्प्याने होतो आहे. या कायद्यात 18 वर्षांखालचा प्रत्येक जण बालक, आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हा नियम आहे. म्हणजे तुमची अकरावी-बारावी जवळजवळ सगळी आली. माहिती फुटली तर ‘कंपनीने फोडली’ म्हणून हात झटकता येणार नाहीत. ज्याने ती गोळा करायला लावली ते कॉलेजच जबाबदार. दंडाची कमाल रक्कम 250 कोटी रुपयांपर्यंत आहे. तुमच्या संस्थेला तेवढा होईल असं मी म्हणत नाही, पण प्राचार्यांना आकडा जरूर सांगा, ते खुर्चीत सरळ बसतील.

कंपनीकडून तीन गोष्टी लेखी घ्या : माहिती कुठे ठेवणार, करार संपल्यावर ती कधी पुसणार, आणि अ‍ॅपमधून क्लासच्या जाहिराती किंवा शैक्षणिक कर्जाचे फोन येणार नाहीत याची हमी. तिसऱ्यावर तो माणूस अडखळला, तर अ‍ॅप मोफत का आहे ते कळलंच. त्याआधी विद्यापीठाकडे चौकशी करा की डिजिलॉकरमधून, म्हणजे सरकारच्या डिजिटल कागदपत्रांच्या कपाटातून, आयकार्ड देता येईल का. गुणपत्रिका तिथे येऊ लागल्याच आहेत. डिजिलॉकरमधून जारी झालेलं कागदपत्र मुळाच्या बरोबरीचं मानावं, असं केंद्राच्या नियमांतच आहे. खासगी अ‍ॅपला तो दर्जा नाही.

ओएस नाराज आहेत म्हणता, तर त्यांना समितीत घ्या. डुप्लिकेट कार्डाचा अर्ज, दंडाची पावती, नाव चुकलं, गट बदलला, हे सगळं त्यांच्याच टेबलावर येतं. नव्या अ‍ॅपचे विसरलेले पासवर्डही तिथेच येणार. यंदा फक्त पदव्युत्तर वर्गांना द्या, सगळे 18 च्या पुढचे आहेत आणि संख्याही आवाक्यातली. डेमोसाठी मात्र कंपनीला कॉन्फरन्स हॉल देऊ नका. सोमवारी मधल्या सुट्टीत ग्रंथालयाच्या काउंटरवर उभं करा, त्यांचा टॅब बाजूला ठेवायला लावा आणि मुलांच्या स्वतःच्या, काच तडकलेल्या फोनांवर चालवून दाखवायला सांगा.