बंद पडलेली जुनी गाडी : इंजिन खरेच गेले आहे का?

प्रश्न : माझी २,३०,००० किलोमीटर झालेली पेट्रोल गाडी चालता चालता एकदम बंद पडली. सेल्फ मारला की इंजिन फिरते, पण सुरू होत नाही. मेकॅनिक म्हणतो, इंजिन गेले, दुसरे बसवा. ऐकावे का?

उत्तर : इतक्यात नाही. काहीही न मोजता दिलेला हा निकाल आहे आणि त्यापायी चांगली इंजिने भंगारात जातात, याचे मला फार वाईट वाटते. इंजिनाला कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये पिस्टनने हवेवर आणलेला दाब), ठिणगी आणि पेट्रोल योग्य वेळी मिळावे लागते. यातले काय मिळत नाही, एवढेच आधी शोधायचे.

सुरुवात कानाने करा. सेल्फ मारताना धडधाकट इंजिनाचा आवाज लयीत चढतो-उतरतो, कारण प्रत्येक पिस्टन हवा दाबताना सेल्फवर भार येतो. ही लय नसेल आणि इंजिन नेहमीपेक्षा वेगाने सरसर फिरत असेल, तर कॉम्प्रेशनच तयार होत नाही. टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन फिरवतात तो क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट यांना जोडणारा पट्टा, तुटल्याची दाट शंका घ्या आणि पुन्हा सेल्फ मारू नका. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. खात्रीसाठी बेल्टचे वरचे कव्हर काढा, क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन किंचित फिरवा. कॅमशाफ्ट हलत नसेल तर उत्तर मिळाले. पण व्हॉल्व्ह वाकले तरी अनेकदा हेड (व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग) उतरवून काम भागते. पिस्टनला मोठी इजा झालेली नसेल तर खालचे इंजिन शाबूत राहते.

आवाज नेहमीसारखा असेल तर चावी ऑन करून टाकीकडे कान द्या. बहुतेक गाड्यांत पेट्रोल पंप एक-दोन सेकंद घरघरतो. मग स्पार्क टेस्टरने ठिणगी पाहा. शेवटी स्कॅनर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारे यंत्र) लावून सेल्फ मारताना आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, वाचा. इंजिन फिरत असूनही आकडा शून्यच राहिला तर संशय क्रँकशाफ्टचे फिरणे वाचणाऱ्या क्रँक सेन्सरवर किंवा त्याच्या वायरिंगवर. जुन्या गाड्यांत हा सेन्सर गरम झाल्यावर दगा देतो आणि गाडी अशीच अचानक बंद पडते. इंजिनाच्या तुलनेत तो अगदी किरकोळ भाग आहे.

प्रश्न : दोन वर्षे उभी असलेली जुनी गाडी स्वस्तात मिळते आहे. मालक म्हणतात, "फक्त बॅटरी गेली आहे." घेण्याआधी काय बघू?

उत्तर : चालू गाडीला जास्त पैसे मिळतात. फक्त बॅटरीच गेली असती तर ती बदलून गाडी सुरू करून दाखवणे मालकांच्याच फायद्याचे होते. म्हणून किंमत ठरवताना इंजिन निकामी आहे असेच धरा.

दुसरी बॅटरी जोडून लगेच सेल्फ मारू नका, मालकांनाही मारू देऊ नका. आधी डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) ओढा. ऑइल दुधाळ असेल तर त्यात पाणी किंवा कूलंट मिसळले आहे. पातळी नेहमीपेक्षा वर आणि पेट्रोलचा वास, म्हणजे ऑइल पातळ झाले आहे. बोटांवर धातूची चमचम दिसली तर बेअरिंग झिजल्याची भीती, अशी गाडी मी घेणार नाही. ऑइल फिलरच्या झाकणाखालच्या थोड्याशा पांढुरक्या थराने मात्र घाबरू नका, तो नुसत्या दमटपणानेही जमतो.

मग सगळे प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, काही तास थांबा आणि इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने पान्याने दोन पूर्ण फेरे फिरवा. दोन फेऱ्यांत चारही स्ट्रोक होतात. कुठे अडले तर जोर करू नका. मोकळे फिरले तर टाकीतले शिळे पेट्रोल काढून पुढची तपासणी करा. विक्रेता हे करू देत नसेल तर व्यवहार सोडा.

प्रश्न : सेल्फ मारला की एकदाच "टक" आवाज येतो, पुढे काहीच नाही. इंजिन जाम झाले का?

उत्तर : आधी बॅटरी मोजा. पूर्ण चार्ज बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली कोसळत असेल तर प्रथम बॅटरीच तपासा. टर्मिनल आणि इंजिनाची अर्थिंग केबल घासून साफ करा. तरीही तेच असेल तर पान्याने फिरवून बघा. फिरले तर दोष सेल्फकडे. फिरले नाही तर बाहेरचा बेल्ट काढून पुन्हा प्रयत्न करा, कारण जाम झालेला अल्टरनेटर किंवा एसी कॉम्प्रेसरही इंजिन अडवू शकतो. त्यानंतर प्लग काढा. सिलिंडरमध्ये पाणी भरले असेल तर ते तिथून बाहेर पडेल. गाडी ढकलून किंवा ओढून सुरू करण्याचा प्रयत्न कृपया करू नका. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो.

प्रश्न : चार सिलिंडरांचे कॉम्प्रेशन अनुक्रमे ११.५, ५, ५.५ आणि ११ बार (दाबाचे एकक) आले. पिस्टनवरच्या रिंगा गेल्या का?

उत्तर : शेजारशेजारचे दोनच सिलिंडर एकदम खाली आले की माझा पहिला संशय त्यांच्यामधल्या हेड गॅस्केटवर (हेड आणि खालचे इंजिन यांच्यामधल्या सीलवर) जातो. रिंगा साधारणपणे सगळीकडे झिजतात. चाचणी सगळे प्लग काढून, थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) पूर्ण उघडा ठेवून आणि चांगल्या बॅटरीवर झाली होती ना, हे मात्र विचारून घ्या. त्या दोन सिलिंडरमध्ये थोडे ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर रिंगा, तसाच राहिला तर गॅस्केट किंवा व्हॉल्व्ह. नंतर दोन नंबरच्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील अशा स्थितीत त्यात हवा भरा. तीन नंबरच्या प्लगच्या भोकातून ती फुसफुसली तर शंका उरत नाही. हेड उतरवाल तेव्हा त्याचा सपाटपणा तपासून घ्या आणि गाडी तापत होती का, हेही शोधा. तुंबलेला रेडिएटर तसाच ठेवला तर नवे गॅस्केटही जळेल.

प्रश्न : स्कॅनरवर पी ००१६ कोड आला. सेन्सर बदलला, तरी गाडी सुरू होत नाही.

उत्तर : या कोडचा अर्थ सेन्सर खराब असा नाही. क्रँक आणि कॅम यांच्या स्थितीचा मेळ बसत नाही, एवढेच तो सांगतो. जास्त चाललेल्या गाडीत सैल पडलेली टायमिंग चेन किंवा दात चुकलेला बेल्ट हे त्याचे नेहमीचे कारण. टायमिंगच्या खुणा जुळवून बघा आणि तोपर्यंत सेल्फ मारू नका.