सई : सखीचा 'ख' गेला कुठे?

विचारणा अशी आहे : मुलीचं नाव 'सई' ठेवायचं घरात ठरलं आहे, पण अर्थ विचारला की दर माणशी निराळं उत्तर मिळतं. कोणी म्हणतं फुलाचं नाव, कोणी म्हणतं 'साई'चं स्त्रीलिंगी रूप, कोणी दुधावरची साय, तर नावांच्या एका यादीत थेट लक्ष्मी. खरं काय? नाव जुनं की अलीकडचं? आणि रोमन लिपीत ते कसं लिहावं?

सई म्हणजे सखी, मैत्रीण. नुसता अर्थ जुळतो म्हणून हे म्हणायचं नाही. सई हा शब्द सखीपासूनच झाला आहे आणि त्याची वाट पायरी-पायरीने दाखवता येते.

संस्कृतात 'सखि' हा शब्द मुळात पुल्लिंगी. 'सखा' हे त्याचं प्रथमेचं रूप. त्याचं ईकारान्त स्त्रीलिंगी रूप पाणिनीला वेगळं नोंदवावं लागलं. 'सख्यशिश्वीति भाषायाम्' (४.१.६२) हे ते सूत्र. 'भाषायाम्' म्हणजे वेदात नव्हे, बोलण्यातल्या भाषेत. म्हणजे आपल्या सईची आजी जी 'सखी', तिची व्याकरणातली नोंदच मुळी बोलभाषेतला शब्द म्हणून झालेली आहे.

पुढची पायरी महाराष्ट्री प्राकृताची, म्हणजे संस्कृत आणि मराठी यांच्या मधल्या भाषेची, आणि सगळी गोम इथेच आहे. दोन स्वरांच्या मध्ये आलेल्या व्यंजनांचं प्राकृतात काय होतं, याचे दोन मोठे नियम आहेत. क, ग, च, ज, त, द यांसारखी अल्पप्राण व्यंजनं बहुधा गळून पडतात. ख, घ, थ, ध, भ ही महाप्राण व्यंजनं मात्र पूर्ण गळत नाहीत. त्यांचा तोंडातला स्पर्श जातो, श्वास तेवढा उरतो, म्हणजेच त्यांचा 'ह' होतो. प्राकृताचा व्याकरणकार वररुची याने हे 'खघथधभां हः' असं एका ओळीत सांगितलं आहे आणि बाराव्या शतकात हेमचंद्रानेही हाच नियम दिला. मुखाचं मुह, मेघाचं मेह, लिखति-चं लिहइ ही त्याची उदाहरणं. आपण 'लिहितो' आणि 'लेख' वाचतो, त्यातला ह आणि ख एकाच घरचे आहेत. दधि-चं दही, प्राघुण-पासूनचा पाहुणा, राधिकेची राही (विठ्ठलाशेजारची राही-रखुमाई आठवा) ही सगळी याच नियमाची लेकरं. त्याच न्यायाने सखीची झाली 'सही'. हाल राजाच्या गाथासप्तशती या प्राकृत काव्यसंग्रहात नायिका मैत्रिणीला हाक मारते ती 'सहि' अशी. ही हाक त्या गाथांमध्ये पुनःपुन्हा येते.

म्हणजे 'ख'चा 'ह' झाला. मग मराठीत तो 'ह'सुद्धा गेला कुठे?

मराठीत स्वरांमधला ह फार नाजूक आहे. 'नाही' बोलताना 'नाई' होतं, 'पाहिजे'चं 'पायजे', 'काही'चं 'काई'. या शब्दांत लेखनाने ह धरून ठेवला, काही शब्दांत तोही सोडला. हिंदीशी ताडून पाहिलं की हे चटकन दिसतं. संस्कृत यूथिका, प्राकृत जूहिआ, हिंदी जूही, मराठी जुई. साधु-पासून साहु, हिंदीत साहूकार, मराठीत सावकार. जुईत जे घडलं तेच अक्षरशः सईत घडलं. सखी, सही, सई. हिंदीने तीच प्राकृत 'सही' पुढे वाढवून 'सहेली' केली, गुजरातीने 'सहियर' केली, मराठीने ह टाकून शब्द आखूड केला.

सईला कोणी फुलाचं नाव का समजतं, हेही आता ध्यानात येईल. जाई, जुई, सई हे तीन शब्द एकाच साच्यातले वाटतात आणि पहिली दोन फुलं असल्यामुळे तिसरंही फूल असावं असा समज होतो. पण तिघींचे रस्ते वेगळे. जाई आली 'जाती'पासून (चमेलीचं संस्कृत नाव), तिच्यातला त पहिल्या नियमाने थेट गळाला. जुईतला थ आधी ह झाला, मग गेला. सईतला ख तसाच. सई नावाचं फूल नाही.

बंगालीतही हा शब्द आहे. लिहिताना शेवटची इ ऱ्हस्व, म्हणजे 'सइ', उच्चार 'शोइ'च्या जवळचा, अर्थ बाईची जिवाभावाची मैत्रीण. गंमत म्हणजे बंगालीत सही करण्यालाही 'सइ'च म्हणतात. बंगाली लेखिका नवनीता देव सेन यांनी २००० साली लेखिकांची संस्था काढली तिला 'सइ' हेच नाव दिलं. त्यात मैत्रीण आहे, सही आहे आणि 'मी सोसते' हा बंगाली क्रियापदाचा ध्वनीही आहे.

आता एका आक्षेपाचा विचार करायला हवा, कारण तो वरवरचा नाही. प्राकृतात 'सई' असा तयार शब्द आहेच, पण तो सखीचा नव्हे. 'सती'तला त गळला की सई, 'शची'तला च गळला तरी सई. गाथासप्तशतीत 'असई' म्हणजे असती येते, आणि त्या संग्रहाच्या 'सत्तसई' या प्राकृत नावातली सई तर 'शती' आहे, शंभरांची. मग आपली सई म्हणजे सती किंवा इंद्राची शची का नाही? ध्वनीच्या दृष्टीने हरकत नाही, पण मराठीतला वापर त्याच्या आड येतो. मराठीत सामान्यनाम म्हणून 'सई', 'सये', 'सयांनो' हे शब्द बायकांच्या ओव्या-गाण्यांत मैत्रिणीसाठी आहेत, पतिव्रतेसाठी नाहीत. सती हा शब्द मराठीने त-सकट संस्कृतातूनच पुन्हा घेतला. व्युत्पत्ती ठरवताना ध्वनीनियम आणि अर्थ दोन्ही जुळावे लागतात. सखीकडे दोन्ही आहेत, सतीकडे एकच. लक्ष्मीच्या बाजूने तर यातलं एकही नाही.

'सखी' आणि 'सई' यांच्या अर्थात एक बारीक फरक आहे आणि नाव ठेवणाऱ्याने तो जाणून घ्यावा असं मला वाटतं. सखी हा शब्द आज प्रियकराच्या तोंडीही शोभतो. सई मात्र बाईने बाईला मारलेली हाक आहे. दळण, पाणवठा, माहेर-सासर यांच्या गोष्टी जिला सांगायच्या ती सई. या नावात देवपण नाही, दागदागिने नाहीत, सौंदर्याची स्तुती नाही. आहे ते नातं. मुलीच्या नावात असा अर्थ क्वचित सापडतो.

इतर समज थोडक्यात. 'साई' हा स्वामीपासून आलेला शब्द : स्वामी, प्राकृत सामी, मग साईं. गोस्वामीचा मराठीत गोसावी झाला आणि हिंदीत गुसाईं, त्याच जातीचा हा बदल. तो पुल्लिंगी आहे, त्यातला आ दीर्घ आहे, आणि त्याचं स्त्रीलिंग 'सई' होऊ शकत नाही. सही करतो ती 'सही' अरबी 'सहीह'वरून फारसीमार्गे आली. खरं, निर्दोष असा त्याचा अर्थ. कागद बरोबर आहे अशी खूण म्हणून तो शब्द उमटवायचा, त्यावरून स्वाक्षरीलाच सही म्हणू लागले. बोलताना 'इथं सई कर' असं आपण सर्रास म्हणतो, त्यामुळे दोन्ही शब्द कानाला सारखे लागतात, पण एक भारतीय आणि एक अरबी. 'साय' हा दुधावरचा पदार्थ, त्याचा इथे काही संबंध नाही. 'सय', म्हणजे आठवण, हा मात्र गोड शेजारी आहे. स्मृति, प्राकृत सइ, मराठी सय. सई आणि सय या बहिणी नाहीत, पण एकीमुळे दुसरी आठवतेच.

व्याकरणाचं म्हणाल तर सई हा 'बाई'सारखा चालतो. बाई-बाया, तशी सई-सया. संबोधन सये, अनेकवचनी सयांनो. विशेषनाम झाल्यावर ते स्थिर राहतं : सईला, सईचा, सईनं, आणि हाक 'सई' किंवा 'अगं सई'. घरात लाडाने 'सये' म्हटलं तरी ते चूक नाही, उलट ते शब्दाचं जुनं अस्सल रूप आहे. लेखनात शेवटची ई दीर्घच. मराठीत शब्दाच्या शेवटी येणारी ई दीर्घ लिहायची हा नियम आहेच. 'सइ' चूक. 'सयी' असंही कुठे कुठे दिसतं, कारण अ आणि ई यांच्यामध्ये जीभ आपोआप हलका य लावते. तो उच्चारात राहू द्यावा, लेखनात आणू नये. उच्चार दोन अक्षरी, स आणि ई वेगवेगळे. 'सै' असा एका झटक्यात केलेला उच्चार नावाचा जीव घालवतो.

नाव अलीकडचं नाही. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पहिल्या पत्नी सईबाई या फलटणच्या निंबाळकर घराण्यातल्या. विवाह १६४० साली पुण्यात झाला. संभाजी महाराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर, आणि सव्वादोन वर्षांनीच, ५ सप्टेंबर १६५९ रोजी, सईबाई राजगडावर वारल्या. राजगडाच्या पायथ्याशी पाल गावी त्यांची समाधी आहे. त्यांच्या एका मुलीचं नाव सखुबाई. सखी या नावाला लाडाचा ऊ लागला की सखू होते, जशी गंगेची गंगू आणि यमुनेची यमू. आई सई आणि लेक सखू. शब्दाची एकच मुळी, एका रूपात ख विरघळलेला, दुसऱ्यात शाबूत. हे नाव ठेवणाऱ्यांच्या मनात होतं की नाही हा भाग सोडा, भाषेने मात्र त्या घरात दोन्ही रूपं शेजारी बसवली. त्या काळात नात्यांवरून आलेली नावं परकी नव्हती. महाराजांच्या आणखी एका राणीचं नाव सोयराबाई, आणि चोखोबांची पत्नीही सोयराच.

पुढे हे नाव मागे का पडलं? माझ्या मते कारण 'तद्भव', म्हणजे संस्कृतातून झिजत मराठीत आलेलं, असण्यात आहे. शिकलेल्या घरांनी आधी पुराणातली आणि नंतर घडवलेली संस्कृत नावं जवळ केली. सुनंदा, शैलजा, वसुधा यांच्या पंक्तीत सई, सखू, ठकू ही नावं घरगुती वाटू लागली. सखू आणि ठकू अजून परतल्या नाहीत. सई परतली, कारण तिच्यात जोडाक्षर नाही, जडपणा नाही, आणि सईबाईंमुळे तिला इतिहासाचं वजन आहे. १९३८ साली जन्मलेल्या दिग्दर्शिका सई परांजपे यांच्या पिढीत हे नाव वेगळं उठून दिसणारं होतं. विसाव्या शतकाच्या शेवटी दोन अक्षरी नावांची आवड वाढली, आणि जुई, ईशा, रमा यांच्याबरोबर सईही घरोघरी गेली. अभिनेत्री सई ताम्हणकर आणि मालिकांतल्या नायिका यांनी ते नाव आणखी कानाशी आणलं. हाक मारायला ते सोयीचं आहे, शेवटची ई हवी तेवढी लांबवता येते. आणि आखूड करण्याजोगं त्यात काही उरलेलं नसल्यामुळे नाव मोडून टोपणनाव होत नाही.

उरला रोमन लिपीचा प्रश्न. प्रत्यक्षात घोटाळा होतो तो इथेच. बहुतेक जण एस-ए-आय लिहितात. पण याच तीन अक्षरांत 'साई'ही लिहितात. अभिनेत्री साई पल्लवी आणि सई ताम्हणकर यांची पहिली नावं रोमनमध्ये सारखी, देवनागरीत वेगळी. महाराष्ट्राबाहेर एस-ए-आय पाहून जवळपास प्रत्येक जण 'साई' वाचणार, आणि तेलुगू भागात ते मुलाचंही नाव असू शकतं. एस-ए-ई-ई लिहिलं तर शेवटची ई स्पष्ट होते, पण ए-ई जवळ आल्याने 'सेई' वाचलं जातं. एस-ए-वाय-ई-ई यात वाय मध्ये आल्याने स आणि ई सुटे पडतात आणि उच्चारातला तो हलका यही सापडतो. 'सायी' वाचण्याचा धोका राहतो, तरी मला हेच लेखन सर्वांत बरं वाटतं.

काहीही निवडा, पण जन्मनोंदीत नाव घालण्याआधी निवडा. नाव नसलेल्या जन्मनोंदीत बारा महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. तेव्हा घाईने एस-ए-आय लिहून मग शाळेत दुसरं आणि पारपत्रावर तिसरं असं करायचं कारण नाही. आधार नोंदणीच्या वेळी पडद्यावरचं मराठी नाव जरूर वाचा. संगणक ते रोमन अक्षरांवरून स्वतः बनवतो आणि एस-ए-आय दिलं की तिथे 'साई' उमटण्याची दाट शक्यता असते. पावतीवर सही करण्याआधी स-वरचा काना काढून घ्या.