मिनॉक्सिडिल महिनाभर बंद ठेवलं तर आलेले केस जातात का?

गणपतीला गावी जाणार, घर माणसांनी भरलेलं, सगळ्यांसमोर मिनॉक्सिडिलची, म्हणजे केस वाढावेत म्हणून डोक्याला लावायच्या औषधाची, बाटली काढायची लाज वाटते, असं तुम्ही लिहिलंय. चार-आठ दिवसांनी काही बिघडत नाही. लांबलेल्या खंडाचा परिणाम मात्र लगेच दिसत नाही, दोन-तीन महिन्यांनी दिसतो, आणि तोवर माणूस दोष भलत्यालाच देऊन मोकळा झालेला असतो. आमच्या घरात हेच झालं.

माझा भांग रुंदावत चालला होता. स्किनच्या डॉक्टरांनी मिनॉक्सिडिल दिलं, भांग भरला. सासूबाईंना ती बाटली पहिल्यापासून नापसंत. "केमिकल आहे, सवय लागते." त्यांचं स्वतःचं तेल : माका, जास्वंद, वडाच्या पारंब्या, सगळं खोबरेलात उकळून. मला दिवस राहिले तशी डॉक्टरांनी बाटली बंद करायला लावली. तेल सुरू झालं, आणि वेणी आणखी जाड! सासूबाईंनी अख्ख्या भिशीत सांगितलं. गरोदरपणात इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढतं, त्यामुळे गळायचे केसही डोक्यावर थांबून राहतात, हे मी तेव्हाच सांगत होते. ऐकतंय कोण.

बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्यात ते थांबलेले केस एकदम सुटले. न्हाणीची जाळी तुंबायची, बाळाच्या मुठीत केस निघायचे. सासूबाई माझा गुंतवळ पिशवीत भरून दारामागच्या खिळ्याला टांगायच्या आणि येईल त्याला दाखवायच्या, "बघा, बाटलीनं काय केलं!" बाटली तेव्हा जवळजवळ वर्षभर उघडलेलीही नव्हती. केस टिकले तर तेलाचं श्रेय, गळले तर बाटलीचं पाप.

निकाल पुढे लागला. बाळ वर्षाचं होईतो माझ्या कानशिलांवर बोटभर नवे केस ताठ उभे राहिले. बाळंतपणात गेलेले केस बहुतेकींचे आपसूकच परत येतात. भांग मात्र भरला नाही. तेल तर दोन्हीकडे सारखंच चोळलं जात होतं ना? बाळाचं अंगावरचं दूध सुटल्यावर डॉक्टरांना विचारून बाटली पुन्हा घेतली. सुरुवातीचे काही आठवडे उलट जास्त गळले (ते तसंच होतं, जुने केस ढकलले जातात), मग सहाएक महिन्यांत भांग मिटत आला. सासूबाईंच्या मते तेल "उशिरा लागू पडलं".

आता ती "सवय". औषध आहे तोवर केस वाढीच्या अवस्थेत जास्त काळ राहतो. केस विरळ होण्यामागचं आनुवंशिक कारण काही ते पुसत नाही. कायमचं सोडलं तर त्याच्या जोरावर आलेले केस साधारण तीन-चार महिन्यांत जातात आणि औषध कधीच लावलं नसतं तर जिथे असता तिथे तुम्ही पोचता. त्याहून वाईट होत नाही. पण अडवून धरलेलं टक्कल एकदम समोर येतं, म्हणून तसं वाटतं. मुळात हे १९७९ साली अमेरिकेत रक्तदाबाची गोळी म्हणून आलेलं औषध. पेशंटांच्या अंगावर केस वाढायला लागले, म्हणून १९८८ मध्ये डोक्याला लावायचं रूप आलं. सासूबाई स्वतः बीपीची गोळी रोज न चुकता घेतात, तिला सवय म्हणत नाहीत.

तुमचं म्हणाल तर बाटली गावी न्या आणि खोलीचं दार लावून लावा. चुकलेल्या दिवसांची भरपाई म्हणून दुप्पट लावू नका. मी डॉक्टर नाही. छातीत धडधड, पायांवर सूज किंवा डोक्यावर गोल चट्टा असं काही असेल तर हे सगळं विसरून आधी डॉक्टरांना दाखवा. आणि गावच्या घरात मांजर असेल तर तिला उशीवर येऊ देऊ नका, हे औषध मांजरांना थोडंसं पोटात गेलं तरी जीवघेणं ठरतं.