तबकडीची मागची बाजू

मागच्या अंकात मी काळाआड गेलेल्या रॉक, लोकसंगीत आणि जॅझ-फ्युजनच्या रेकॉर्डबद्दल लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. सगळ्यांना इथे उत्तर देणं जमणार नाही. चार प्रश्न निवडलेत.

ताई, वडील गेल्यावर त्यांची ट्रंक उघडली. भावगीतं, अभंग, नाट्यपदं, आणि त्यांत ‘रागा जॅझ स्टाइल’ नावाची शंकर-जयकिशन यांची एलपी. वडिलांनी जॅझ ऐकल्याचं आम्हाला आठवत नाही. भाऊ म्हणतो, चुकून आली असेल, देऊन टाकू. हे नेमकं काय आहे?
— वाचक, इंदिरानगर

देऊन टाकू नका. दोन्ही बाजू ऐकेपर्यंत तर नाहीच.

ही १९६८ची रेकॉर्ड. शंकर-जयकिशन म्हटलं की राज कपूरचे सिनेमे आठवतात, पण इथे सिनेमा नाही, गाणंही नाही. अकरा राग आहेत, तोडी, भैरव, जयजयवंती, शिवरंजनी, भैरवी असे, आणि प्रत्येक राग थोडक्या मिनिटांत सतार आणि जॅझचा ताफा मिळून वाजवतात. सतार उस्ताद रईस खाँसाहेबांची आहे.

आता कव्हर उलटं करा आणि मागची नावं वाचा. सॅक्सोफोन मनोहारी सिंग. ट्रम्पेट जॉन परेरा. ड्रम्स लेस्ली गोडिन्हो. पियानो लुसिला पाशेको. गिटारवाल्यांत दिलीप नाईक. ‘आराधना’तल्या ‘रूप तेरा मस्ताना’मधला सॅक्सोफोन तुमच्या वडिलांनी नक्की ऐकला असेल, तो याच मनोहारीदांचा. हे सगळे मुंबईच्या सिनेसंगीताच्या वाद्यवृंदातले लोक. रोज दुसऱ्याच्या गाण्यात वाजवायचे आणि पडद्यावर त्यांचं नाव क्वचितच यायचं. या रेकॉर्डवर मात्र ते पुढे आहेत आणि नावानिशी आहेत. म्हणून ती मला इतकी जवळची वाटते.

तुमच्याकडे पेटी असेल तर एक करून बघा. या रेकॉर्डवर कलावती रागही आहे. कलावतीत रे आणि म नाहीत. सा, ग, प, ध आणि कोमल नी, एवढेच पाच स्वर. त्यातले सा, ग, प आणि कोमल नी एकदम दाबून धरा. जो आवाज येईल तो ब्लूज आणि जॅझवाल्यांचा अगदी घरचा आवाज आहे, ज्याला ते सेव्हन्थ कॉर्ड म्हणतात. म्हणजे कलावतीच्या पोटात तो आधीपासूनच होता. गिटारवाल्याला तिथे बसायला आयती जागा मिळते आणि रागाला धक्काही लागत नाही. हे मी पहिल्यांदा पेटीवर दाबून पाहिलं त्या दिवशी संध्याकाळचा स्वयंपाक उशिरा झाला. मग रेकॉर्डवरची कलावतीची रचना पुन्हा लावा. दुसऱ्यांदा वेगळीच ऐकू येते.

आणि वडिलांबद्दल. चुकून आली असेल असं मला वाटत नाही. नाट्यपदं ऐकणाऱ्या माणसाला हे राग पाठ असतात आणि सिनेमाची गाणी ऐकणाऱ्याला हे वादक. त्यांना यात परकं काय वाटणार?

काकू, माझा मुलगा चरणजीत सिंग यांची १९८२ची रेकॉर्ड दिवसभर लावतो. म्हणतो, जगातलं ॲसिड हाउस, म्हणजे यंत्रांवरचं नाचाचं संगीत, एका भारतीयाने आधी केलं आणि अमेरिकेने उचललं. खरं का?
— वाचक भगिनी, सातपूर

पहिलं अर्ध खरं मानायला जागा आहे. दुसरं अर्ध मुलाने सोडून द्यावं.

चरणजीत सिंग मुंबईतले, आर. डी. बर्मन यांच्यासकट अनेक संगीतकारांकडे वाजवणारे. म्हणजे पुन्हा सिनेमाच्या वाद्यवृंदातलाच माणूस. या रेकॉर्डसाठी त्यांनी जपानी कंपनी रोलँडची तीन यंत्रं घेतली. टीबी-३०३ बाससाठी, टीआर-८०८ ठेक्यासाठी आणि ज्युपिटर-८ रागाच्या सुरावटीसाठी. त्यावर भैरवी, ललित, भूपाळीपासून बैरागीपर्यंत दहा राग वाजवले, डिस्कोच्या ठेक्यावर. रेकॉर्ड फारशी कुणी विचारली नाही. २००२ साली दिल्लीच्या एका दुकानात ती एडो बाउमन या डच संग्राहकाच्या हाती लागली, २०१०मध्ये त्याने ती पुन्हा काढली आणि मग उतारवयात चरणजीतजी युरोपात मैफली करून आले. २०१५ साली ते गेले.

शिकागोच्या फ्यूचर या गटाचं ॲसिड हाउसमधलं पहिलं गाजलेलं काम १९८७चं आहे. त्या मुलांनी मुंबईची ही रेकॉर्ड ऐकली होती याला काही पुरावा नाही. दोघांकडे यंत्र मात्र एकच होतं. टीबी-३०३ बनवलं होतं एकट्या गिटारवाल्याला साथीला बास मिळावा म्हणून. त्या कामाला ते कुणाला पटलं नाही आणि १९८४ सालीच त्याचं उत्पादन थांबलं. पुढे शिकागोत ते जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागलं.

त्या यंत्रात एक सोय आहे, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची. आपण त्याला मींड म्हणतो. गिटारच्या साथीत ती घसरण कुणाला नको होती, पण रागाला ती हवीच असते. शिवाय रागात कॉर्ड बदलत नाहीत, खाली षड्ज धरलेला असतो. एकच आधार, त्यावर फिरत राहणारी आकृती आणि न थकणारा ठेका. नृत्याचं ते संगीतही नेमकं याच तीन गोष्टींवर उभं आहे. उचलाउचली कुणी केली असं दिसत नाही. दोन टोकांची माणसं एकाच यंत्रातून एकाच जागी पोचली, आणि मला तर चोरीच्या गोष्टीपेक्षा हे किती तरी मोठं वाटतं. मुलाला म्हणावं, ललित सकाळी उठून लाव. आणि तुम्हीही शेजारी बसा.

आपला लेख वाचला, पण पटला नाही. आपण सांगता त्या रेकॉर्ड त्या काळी कुणी घेतल्या नाहीत. चांगल्या असत्या तर खपल्या नसत्या का?
— वाचक, देवळाली कॅम्प

आपला प्रश्न रास्त आहे. विसरलेलं सगळंच चांगलं असतं असं मी म्हणत नाही. कितीतरी रेकॉर्ड मी एक बाजू ऐकून परत पाकिटात घातल्यात. पण खपणं हे निम्मं त्या वेळच्या गर्दीवर असतं.

व्हाष्टी बनियन नावाची इंग्रज मुलगी. लंडनच्या गाण्याच्या धंद्यात तिचं काही जमेना, तेव्हा १९६८ साली ती मित्राबरोबर घोडागाडीत बसून स्कॉटलंडकडे निघाली. घोडीचं नाव बेस. दिवसाला जमेल तेवढं जायचं, वाटेत मिळेल ते काम करायचं. त्या वाटेवर गाणी झाली. गाय, शेत, पाऊस, चूल, एवढंच त्यात. निर्माते जो बॉइड यांनी ती ध्वनिमुद्रित केली आणि १९७० साली ‘जस्ट अनदर डायमंड डे’ या नावाने रेकॉर्ड आली. जवळजवळ कुणी घेतली नाही. तिने गाणंच सोडलं, मुलं वाढवली. २००० साली ती रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा नव्या पिढीने उचलून धरली आणि तिची दुसरी रेकॉर्ड २००५मध्ये आली. पस्तीस वर्षांनी.

निक ड्रेक या इंग्रज गायकाचंही तसंच. तीन रेकॉर्ड, १९६९, १९७१ आणि १९७२. पहिल्या दोन बॉइड यांच्याच. तिन्ही पडून राहिल्या आणि १९७४ साली तो सव्विसाव्या वर्षी गेला.

बनियनची गाणी मी प्रथम ऐकली तेव्हा मला आजी आठवली. सिन्नरच्या बाजूची. जात्यावर बसली की ओवी सुरू व्हायची आणि दळण संपलं की थांबायची. त्या ओव्या तरी कुणी विकत घेतल्या होत्या? आवाज चढवायचा नाही, कुणाला जिंकायचं नाही, हातातल्या कामाच्या लयीत गात राहायचं. १९७०च्या बाजारात, विजेच्या गिटारींच्या त्या गोंगाटात, असा आवाज कानावर पडणंच अवघड होतं. आपल्याला इंग्रजी शब्द सगळे कळले नाहीत तरी चालेल. रात्री दिवे मालवून एक बाजू ऐका. मग पटलं नाही तर मला जरूर कळवा.

पंचवटीत आमचा जुना वाडा उतरवताहेत. माळ्यावर रेकॉर्डचं खोकं निघालं. पावसाचं पाणी गेलंय, बुरशी आहे. वाचतील का?
— वाचक

एलपी, म्हणजे व्हिनाइल प्लास्टिकच्या मोठ्या रेकॉर्ड, बहुतेक वाचतील. अनुभवाने सांगते.

२००८च्या सप्टेंबरात गोदेला पूर आला तेव्हा सराफ बाजारातल्या आमच्या घरात पाणी शिरलं आणि खालच्या फळीवरच्या चाळीसेक रेकॉर्ड बुडाल्या. पाणी ओसरल्यावर पाहिलं तर प्रत्येक रेघेत बारीक गाळ बसलेला. मोठ्या परातीत डिस्टिल्ड वॉटर घेतलं, भांड्यांच्या लिक्विडचा एकच थेंब टाकला, मधल्या कागदी लेबलवर तळहात धरला आणि मऊ ब्रशने रेघांच्या दिशेनेच फिरवत राहिले. आडवं कधी नाही. नंतर नुसत्या पाण्याने धुऊन ताटाळ्यात ताटांसारख्या उभ्या केल्या, पंख्याखाली. उन्हात एकही ठेवली नाही, कारण उन्हाने तबकडी वाकते. तीन सोडून सगळ्या वाजल्या.

खोक्यात जड, पटकन तुटणाऱ्या, ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या) रेकॉर्ड असतील तर त्या वेगळ्या काढा. त्या लाखेच्या असतात. त्यांना स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. पंचवटीतलं खोकं आहे म्हणून म्हणते, नीट बघा. पंडित द. वि. पलुसकर नाशकातच जन्मले, १९२१ साली, आणि त्यांची गाणी ७८वरच घरोघरी गेली.

आमची कव्हरं मात्र वाचली नाहीत. पुठ्ठा फुगला, चिकटला आणि सोडवताना ओल्या पापडासारखा हातात आला. त्यात एक सतार, बासरी आणि गिटारची एलपी होती. ती आजही सुरेख वाजते, पण लेबलवरची अक्षरं गेली आणि कव्हर गेलं, म्हणून बासरी कोणाची हे मला आता कधीच कळणार नाही. तेव्हापासून घरात आलेल्या प्रत्येक रेकॉर्डची मागची नावं मी वहीत उतरवून ठेवते. तेव्हा धुवायला घेण्याआधी तुम्ही प्रत्येक कव्हर कोरड्या टॉवेलवर उताणं आणि पालथं ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढा. बुरशी नंतर पुसता येईल.