एक्स्चेंजवरचे ४ लाख हार्डवेअर वॉलेटवर न्यावेत का? उद्यमबागेतल्या एका वाचकाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. वय २९, गाव निपाणी तालुक्यात दूधगंगेकाठी, बेळगावात उद्यमबागेत व्हीएमसी (प्रोग्रॅमवर धातू कापणारं मशीन) ऑपरेटर. २०२१ पासून दर महिन्याला ३ हजाराचं बिटकॉइन आणि थोडं इथेरियम घेतोय, आज सगळं मिळून ४ लाख २० हजार, एकाच एक्स्चेंजवर (कॉइन घ्यायची-विकायची वेबसाइट). "दादा, हार्डवेअर वॉलेट (कॉइनची किल्ली सांभाळणारी पेनड्राइव्हसारखी डबी) घेऊन कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरनं स्वतःच सांभाळू काय? नवीन साडेसात हजाराला आहे, मित्र त्याचं वापरलेलं साडेतीनला देतोय. सॉफ्टवेअर कंपनीच्या पीसीवर टाकतो, नाहीतर धाकट्या भावाचा कॉलेजचा लॅपटॉप आहे. आणि सेफ होणारच असेल तर सोसायटीतली दीड लाखाची ठेव मोडून यातच टाकू का? मे मध्ये लग्न आहे."

भावा, शेवटचं आधी सांगतो, ठेव मोडू नको. वॉलेट चोरापासून वाचवतं, भाव पडण्यापासून नाही. नोव्हेंबर २०२१ ला ६९ हजार डॉलरला गेलेलं बिटकॉइन वर्षभरात १६ हजारांच्या घरात आलेलं, तू तेव्हा पण घेत होतास, तुला आठवत असेल की. आणि मे मध्ये हॉलवाला नि आचारी काय मार्केट सुधारायची वाट बघत बसणार नाहीत.

आता वॉलेटचं. घे. ४ लाख २० हजारावर साडेसात हजार म्हणजे पावणेदोन टक्के, तेपण एकदाच. तीस-चाळीस हजाराचा माल असता तर राहू दे म्हणालो असतो. वझीरएक्स या आपल्याकडच्या एक्स्चेंजवर जुलै २०२४ ला सुमारे २३ कोटी डॉलरचा डल्ला पडला आणि लोकांचे पैसे वर्षाहून जास्त काळ अडकले, त्यामुळं तुझी भीती काय खोटी नाही. पण मित्राचं वापरलेलं साडेतीनवालं नको, मित्र कितीपण जवळचा असू दे. वॉलेट परत मिळवायचे गुप्त शब्द असतात (बहुतेक २४), वापरलेल्या डिव्हाइसबरोबर ते शब्द आधीच लिहून दिलेला कागद आला तर ते शब्द दुसऱ्याला पण माहीत असतात, आणि आत कुणी काय केलंय ते तुला मला बघून कळणार नाही. थेट कंपनीकडनं नाहीतर त्यांच्या अधिकृत विक्रेत्याकडनंच घे.

बरेच जण म्हणतात कॉइन त्या पेनड्राइव्हसारख्या डबीत असतात. नसतात. कॉइन ब्लॉकचेनवरच, म्हणजे इंटरनेटवरच्या सामाईक हिशोबवहीत, डबीत फक्त किल्ली. कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर, म्हणजे ट्रेझर, लेजर अशा डबी बनवणाऱ्या कंपनीचं जे काय असेल ते, बॅलन्स दाखवतं, व्यवहार तयार करून डबीकडं पाठवतं, सही डबीच्या आत होते आणि किल्ली कॉम्प्युटरवर कधी येतच नाही. म्हणून लॅपटॉपमध्ये व्हायरस असला तरी तो किल्ली नेऊ शकत नाही, पण स्क्रीनवर खोटं दाखवू शकतो, कॉइन जिथं पाठवायचं तो कॉपी केलेला पत्ता पेस्ट करताना बदलू शकतो. त्यामुळं पत्ता आणि रक्कम डबीच्या छोट्या स्क्रीनवर वाचूनच ओके दाबायचं, दरवेळी, कंटाळा आला तरी. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या परदेशी एक्स्चेंजचे जवळपास १५० कोटी डॉलर गेले, तिथं सही करणाऱ्यांच्या हातात हार्डवेअर वॉलेट होतंच की, पण कॉम्प्युटरवर व्यवहार नेहमीसारखा दिसला आणि प्रत्यक्षात सही कशावर होतीय ते तपासलं गेलं नाही.

कंपनीच्या पीसीवर नको, शिफ्ट बदलली की त्यावर दुसराच बसतो, आणि तुझा बॅलन्स शॉपमध्ये सगळ्यांना कशाला कळायला पाहिजे. भावाचा लॅपटॉप चालेल. सॉफ्टवेअर गुगलवर शोधून पहिली लिंक दाबून नाही, डबीच्या कंपनीच्या वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करून तिथनं घ्यायचं. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरवरच लेजरचं नकली अॅप आलेलं आणि लोकांचे लाखो डॉलर गेले, सगळं २४ शब्द टाइप करायला लावून. शब्द कीबोर्डवर कधीच टाकायचे नाहीत, कुणीपण मागू दे.

खरं डोकं लावायचं ते या २४ शब्दांना. डबी हरवली, मोडली तर नवीन घेऊन हेच शब्द टाकले की सगळं परत येतं, शब्द गेले आणि डबीपण गेली तर कुणाच्या बापाला परत आणता येत नाही, कस्टमर केअर नावाचा प्रकारच नाही. तू लिहिलायस की कागद गावाकडं आईच्या ट्रंकेत ठेवणार. अरे २०१९ च्या ऑगस्टमध्ये दूधगंगेचं पाणी कुठवर आलेलं ते तू मला सांगायचं का मी तुला? तुझ्या हातात कला आहे ती वापर. ३०४ स्टेनलेसचा पट्टीचा तुकडा आणि अक्षरांचे पंच घे आणि हातोड्यानं मार. व्हीएमसीवर कोरायचं डोक्यात आलं असेल, ते नको, शब्द प्रोग्रॅममध्ये टाइप करावे लागतील आणि ते मशीनमध्ये राहतील. पूर्ण शब्द मारायची पण गरज नाही, हे शब्द ज्या ठरलेल्या यादीतनं येतात तिच्यात २०४८ इंग्रजी शब्द आहेत आणि पहिल्या चार अक्षरांवरनं शब्द ओळखता येतो, म्हणजे जास्तीत जास्त ९६ ठोके, क्रमांक वेगळे. दोन पट्ट्या कर, एक बँकेच्या लॉकरात आणि दुसरी पाणी येणार नाही अशा घरात. मोबाइलमध्ये फोटो काढायचा नाही. आणि इथं नॉमिनी लावायची सोय नाही, तेव्हा लग्नानंतर बायकोला निदान पट्टी कुठाय आणि ती कशाची आहे एवढं माहीत पाहिजे.

टॅक्सचं पटकन. स्वतःच्याच वॉलेटवर नेणं म्हणजे विक्री नव्हे, त्यामुळं ३० टक्के लागत नाही, फक्त एक्स्चेंजची काढायची फी जाते. विकशील तेव्हा नफ्यावर ३० टक्के अधिक सेस, शिवाय १ टक्का टीडीएस कापून जाईल (तो रिटर्नमध्ये मिळतो), आणि एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातनं वजा होत नाही. म्हणून २०२१ पासूनची सगळी स्टेटमेंट आधी डाउनलोड करून ठेव, एक्स्चेंज उद्या बंद पडलं तर खरेदीचा भाव कशावरनं दाखवशील? तुझं एक्स्चेंज कॉइन बाहेर काढू देतं का तेपण डबी मागवायच्या आधी बघ, काही ठिकाणी ती सोयच नसते.

डबी आली की आधी हजारभर रुपयाचं बिटकॉइन पाठव. ते दिसलं की डबी मुद्दाम रीसेट कर, होय, मुद्दाम, आणि पट्टीवरचे ठोके वाचत वाचत शब्द डबीवरच परत टाक. हजार रुपये परत दिसले की मग बाकीचं, तेपण दोन-तीन हप्त्यात. हे सगळं लग्नाच्या गडबडीत नको, फेब्रुवारी-मार्चमधल्या एखाद्या रविवारी दुपारी कर नाहीतर सरळ जूनमध्ये.