पदग्रहणाला शपथ घ्यावी का? माझा अनुभव

‘कासारवडवलीला आमची ११० फ्लॅटची सोसायटी, मी नवा अध्यक्ष, रविवारी पदग्रहण. ज्येष्ठ मंडळी म्हणतात राष्ट्रपतींसारखी शपथ घ्या. मसुदा मिळेल का?’ हे तुमचं वाचून आधी हसू आलं, मग पोटात गोळा.

शपथ हौस म्हणून घ्या. सहकार कायद्यात अध्यक्षाला शपथ नाही. संविधानाच्या ६० व्या अनुच्छेदातली शपथ राष्ट्रपतींची, ती सरन्यायाधीश देतात. तुम्हाला कोण देणार, वॉचमन? एम-२० बाँड (समिती सदस्यांचं निर्णयांच्या जबाबदारीचं हमीपत्र), पहिल्या सभेचं इतिवृत्त वगैरे माहीत असेलच, त्यात शिरत नाही.

मीही ठाण्यात तुमच्याच घोडबंदर रोडचा. २४ जुलै २०२२ला अध्यक्ष झालो. फेटा, पेढे, मावळत्या अध्यक्षांशी खुर्चीची अदलाबदल (ही टूम माझीच, टीव्हीवर बघितलेली). टाळ्या चालू असतानाच मावळत्या सचिवांनी कागद पुढे केला: ‘खालील सर्व दप्तर मिळाले’, खाली तेवीस बाबी. एका हातात पेढा होता, दुसऱ्याने सही ठोकली.

दुसऱ्याच दिवशी संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये द्रौपदी मुर्मूंचा शपथविधी. सरन्यायाधीश रमणांनी शपथ दिली, मग रजिस्टरवर सही झाली. चहा पीत ऐटीत बघत होतो. सही काय, आम्हीही कालच केली होती!

मग बँक. नाव घेत नाही. चेकवरच्या सह्या बदलायला त्यांना मूळ नोंदणी प्रमाणपत्र आणि मंजूर उपविधी (सोसायटीची नियमावली) बघायचे होते. यादीत दोन्ही होते, कपाटात एकही नव्हतं. नक्कल चालेल का विचारलं की ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’. सात फेऱ्या. जुने सचिव चेकवर सही करेनात, नव्यांची चालेना. वॉचमनचे दोन पगार आम्ही तिघांनी खिशातून दिले. लिफ्टवाला तर फोनच उचलेना.

जुन्या सचिवांना विचारलं, “काका, ती फाइल?” “अहो, यादीवर सही तुमचीच आहे ना?” संपलं. सहकार कायद्याच्या कलम १६० प्रमाणे मावळत्या अध्यक्षाने दप्तर द्यायचं असतं, नाही दिलं तर निबंधक आदेश काढू शकतात. पण तक्रारीला जोडायचा पहिलाच कागद माझ्याविरुद्ध! अकरा आठवड्यांनी फाइल पंपरूममध्ये रंगाच्या डब्यांमागे सापडली. तिथे कुणी ठेवली यावर माझं ठाम मत आहे, पण राहू दे.

२००९ साली ओबामांना शपथ देताना सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्याकडून एका शब्दाची जागा चुकली, तर दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये शपथ पुन्हा घेतली. एका शब्दापायी. मी तेवीस बाबींपैकी एकही वाचली नव्हती.

तेव्हा दप्तर शनिवारीच ऑफिसात बसून घ्या, स्टेजवर नाही म्हणजे नाही. वस्तू हातात आली की तिच्यासमोर ‘मिळाले’, नाही आली तर ‘मिळाले नाही’, आणि दोघांची तारखेसह सही. आय रजिस्टर (सभासदांची नोंदवही) उघडून बघा, नुसती पाठ बघू नका. समोरचा रागावेल, रागावू द्या. मी वकील नाही, कलमांचं जाणकाराला विचारा.

आणि सोसायटीच्या ईमेलचा पासवर्ड त्याच दिवशी बदला, मोबाइल नंबरसकट. आमचा ओटीपी अजून जुन्या सचिवांच्या मेहुण्याला जातो.